गोधडीचा घास

(मोताळा. घराच्या ओसरीवर सासू कौशल्याबाई गोधडी शिवत बसल्या आहेत. सून प्रतीक्षा मोबाइल घेऊन समोर उभी.)

कौशल्याबाई : पुन्हा वाच. या बारीनं हळू.

प्रतीक्षा : आई, किती वेळा वाचू? वाचून तारे वाढत नाहीत.

कौशल्याबाई : वाच म्हनते ना.

प्रतीक्षा : "अतिशय वाईट अनुभव. माझ्या आईच्या साड्या विश्वासानं गोधडी शिवायला पाठवल्या. गोधडी आली तर कोपऱ्यात काहीतरी टोचत होतं. उसवून पाहिलं, तर लाल चिंधीत बांधलेली ज्वारी, हळकुंड आणि सुकलेला पाला. हा करणीचा प्रकार आहे. कुणीही यांच्याकडून काही घेऊ नये." एक तारा. पद्मजा, पुणे.

कौशल्याबाई : करनी! मले करनी येत असती तर पहिले तुह्या सासऱ्याचं घोरनं बंद केलं असतं.

प्रतीक्षा : हसू नका हो! हे साऱ्या जगाले दिसून राह्यलं. त्या लोणारच्या लॉजवाल्या निवेदिताताई, सगळ्या खोल्यांच्या गोधड्या आपल्याकडून घेणार होत्या ना? त्यांनी बी वाचलं. सकाळीच मेसेज आला, "आधी हे मिटवा, मग बोलू."

कौशल्याबाई : मिटवा म्हंजे काय करावं?

प्रतीक्षा : जवाब लिहायचा. मी लिहिला बी. ऐका. "आदरणीय ग्राहक, झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. यापुढे आमच्या गोधडीत धान्य घातले जाणार नाही."

कौशल्याबाई : खोड ते.

प्रतीक्षा : क्षमस्व खोडू?

कौशल्याबाई : क्षमस्व राहू दे, ते फुकटचं हाय. धान्याचं खोड. गोधडीले घास भरल्याबिगर मी शेवटचा टाका घालत नाई. माह्या मायनं कधी घातला नाई. उपाशी गोधडीत मानसाले झोप येते का?

प्रतीक्षा : हे तुमाले मालूम, मले मालूम. पुण्याच्या बाईले काय मालूम? ती लाल चिंधी पाहूनच घाबरली असंन.

कौशल्याबाई : चिंधी लाल, काऊन का तुहा फाटका झंपर लाल व्हता.

प्रतीक्षा : माझा झंपर? तरीच म्हनलं कुठं गेला! अन् तो पाला?

कौशल्याबाई : कडुलिंबाचा. तो नाई टाकला तर किडे होतीन. किडे निघाले असते तर तिनं आनखी एक तारा कापला असता.

प्रतीक्षा : एकाच्या खाली जाताच येत नाही आई.

कौशल्याबाई : मंग भ्यायचं काय कारन? लाव तिले फोन.

प्रतीक्षा : गिऱ्हाइकाले असा फोन नसते लावत.

कौशल्याबाई : साड्या धाडल्या तवा तिनंच लावला व्हता ना? मंग आता आपन लावू.

प्रतीक्षा : तुम्ही भांडसान.

कौशल्याबाई : नाई भांडत. मांडीवरच्या गोधडीची आन.

प्रतीक्षा : बरं. स्पीकरवर लावते. पन पहिले मी बोलीन... रिंग जाऊन राह्यली.

पद्मजा : हॅलो?

प्रतीक्षा : नमस्कार मॅडम, मोताळ्याहून प्रतीक्षा बोलतेय. गोधडीवाली.

पद्मजा : हे पाहा, मी जे लिहिलंय ते पूर्ण विचार करून लिहिलंय. माझ्याकडे फोटो आहेत.

प्रतीक्षा : हो मॅडम, त्याच्याबद्दलच. आमच्या सासूबाईंना जरा...

कौशल्याबाई : काय व माय, जेवली का?

पद्मजा : अं? नाही अजून. कोण बोलतंय?

कौशल्याबाई : करनीवाली.

प्रतीक्षा : आई!

कौशल्याबाई : ऐक माय. दान्याची कोनी करनी करते का? दाने पेरतात, नाई तं खातात. आमच्या घरी गोधडी पुरी होत आली का शेवटच्या कोपऱ्यात मूठभर जवारी भरतो. गोधडीचा घास म्हनतो त्याले. पांघरनारा कधी उपाशी झोपू नये म्हनून. चांगल्या कामाले हळद लागते, म्हनून हळकुंड. पाला किड्यांसाठी. झालं, एवढंच हाय.

पद्मजा : मग हे आधी सांगायला नको का? एक चिठ्ठी तरी टाकायची पार्सलमध्ये!

कौशल्याबाई : हे बाकी खरं बोलली तू. इथं साऱ्यांले मालूम असते, सांगाले लागत नाई, म्हनून ध्यानातच नाई आलं. चुकलं आमचं. पन इचारायले तुह्यापाशी बी फोन व्हता.

पद्मजा : शेजारच्या काकूंनी घाबरवलं हो मला. आणि त्या आईच्या साड्या... आई गेली याच वर्षी. मला फार राग आला.

कौशल्याबाई : त्यातली अबोली साडी ती लई नेसायची ना?

पद्मजा : रोज. पूजेला बसताना तीच. तुम्हाला कसं कळलं?

कौशल्याबाई : पदर पार मऊ पडला व्हता. तो मी वरच्या बाजूले लावला, तुह्या गालापाशी येईन असा. आता सांग, अशी साडी मी उपाशी धाडू?

प्रतीक्षा : मॅडम, गोधडीची वरची बाजू पाहा ना.

पद्मजा : पाहतेय... हो, तोच पदर आहे.

कौशल्याबाई : दाने कचऱ्यात टाकले का?

पद्मजा : नाही. कचऱ्यात टाकायची भीती वाटली. काकू म्हणाल्या, मातीत पुरा. म्हणून गॅलरीत गुलाबाच्या कुंडीत पुरले. परवा बघते तर हिरवं काहीतरी वर आलेलं. म्हटलं, झालं! करणी उगवली!

कौशल्याबाई : अन् पानी?

पद्मजा : पाणी घालत होते. गुलाब मरेल ना नाहीतर.

कौशल्याबाई : ऐकलं का प्रतीक्षा? पुन्याची बाई करनीले पानी घालून राह्यली!

पद्मजा : हसा, हसा. मलाही हसू येतंय आता. आत्ताच ते लिहिलेलं काढून टाकते.

कौशल्याबाई : ते मागून. पहिले तो उसवलेला कोपरा. त्याच्यात तुह्या घरचं काय असंन ते भर अन् शिव.

पद्मजा : मला शिवता येत नाही हो. बटणसुद्धा माझा मुलगा लावतो, शौनक.

कौशल्याबाई : मंग त्याले सुई आनाले सांग. टाके मातर तूच घाल, मायची साडी तुही हाय. फोन ठेवू नको, मी सांगते तसं कर. दोरा दुहेरी घे...

(दुसऱ्या दिवशी, तीच ओसरी.)

प्रतीक्षा : आई, सुई ठेवा. पद्मजाताईंनी नवं लिहिलं. "मी आधी चुकीचं लिहिलं होतं, न विचारता. ती करणी नव्हती. माझ्या आईच्या गोधडीला कुणीतरी घास भरवून पाठवलं होतं."

कौशल्याबाई : तारे?

प्रतीक्षा : चार.

कौशल्याबाई : चार? एवढा फोन करून चार? एक काऊन कापला व तिनं?

प्रतीक्षा : पुढं ऐका ना. "कापलेला तारा माझा आहे. एक कोपरा मी शिवलाय, तो फार वाकडा आलाय."

कौशल्याबाई : हिशेबाची पक्की हाय माय!

प्रतीक्षा : अन् निवेदिताताईंचा बी मेसेज आला. ऑर्डर पक्की. इचारतात, घास भरायचं काही वेगळं द्यावं लागंन का?

कौशल्याबाई : घासाचे पैसे घेत नाई म्हनाव. अन् तू चिठ्ठ्या लिहाले बस, हरेक गोधडीले एक. त्या पद्मजानं कोपऱ्याचा फोटू टाकला का?

प्रतीक्षा : टाकला. हा पाहा. लईच वाकडा हाय हो आई.

कौशल्याबाई : आत काय भरलं तिनं?

प्रतीक्षा : तांदूळ. अन् कुंडीतल्या जवारीचं एक पातं.

कौशल्याबाई : मंग वाकडा राहू दे. पोट भरल्यावर मानूस बी वाकडाच झोपते.