दिल्लीच्या हिशेबात भाजावळ

रत्नागिरी स्टँडवर चिपळूणच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे मावशी आणि भाची उभ्या होत्या.

"देशाच्या धुराचा हिशेब करणाऱ्यांनी शेवटी माझं ऐकलं, मावशी."

"काय ते?"

"आपलं गाव शेतात पेंढा जाळतं, असं त्यांनी लिहिलं होतं."

"पेंढा जाळला तर गुरं काय खातील?"

"विचारायला आलेल्याला तूच म्हणालीस, आम्ही दरवर्षी जाळतो."

"अगो, ती भाजावळ. भात पेरायच्या आधी वाफ्यात पालापाचोळा भाजतो ती."

"तेच पटवून दिलं. आता पेंढ्याखाली शून्य, आणि भाजावळीचा वेगळा रकाना."

"म्हणजे धूर आपला धरलाच."

"धरला. पण त्याच्या खऱ्या नावाने."

"मग हरकत नाही. दिल्लीवाल्यांना म्हणता येतं ते नाव?"

"फोनवर म्हणवून घेतलं. ळ नीट येईपर्यंत सोडलं नाही."