दस्तगीरची सातवी घोडी

मंडळी, आज एक साधा प्रश्न घेऊन उभा आहे. काम पुरं झालं, असं कधी म्हणायचं? बघा, लगेच माना खाली गेल्या! अगदी गोल झाल्याशिवाय पोळी तव्यावर टाकायची नाही असं ठरवलं, तर या मंडपातले निम्मे लोक उपाशी राहतील की नाही? हसू नका, आपापल्या घरचं आठवा.

तर ऐका. कृष्णाकाठच्या एका गावात दस्तगीर म्हणून तंबोरे करणारा होता. त्याचे वडील नावाजलेले कारागीर. ते गेले, आणि याच्या मनात एकच धास्ती बसली – लोक म्हणतील, बापाचा हात पोराला आला नाही.

त्याच गावात अंबूताई. वय शहात्तर, चाळीस वर्षं रोज पहाटे देवळात गाणारी. एकदा तिचा तंबोरा खुंटीवरून पडला आणि भोपळा फुटला. ती दस्तगीरकडे गेली, म्हणाली, नवा करून दे बाबा, पाडव्याला देवापुढे गायचंय. दम कमी होत चाललाय, फार दिवस गाता येईल असं वाटत नाही.

दस्तगीरनं जीव ओतला. भोपळा निवडला, दांडी तासली, तारा चढवल्या. राहिली घोडी. टांग्याची नव्हे! तारा ज्याच्यावर टेकतात, तो छोटासा चपटा तुकडा. तो कानशीनं असा घासायचा, असा घासायचा, की तार टेकली तर टेकली, नाही तर नाही. मग झणकार उठतो. त्याला म्हणतात जवारी.

चारही तारा झणकारल्या. पण तिसरी – वाजायची छान, आणि विझायची मात्र इतरांपेक्षा किंचित आधी. किती आधी? तुम्हाआम्हाला कळणारही नाही. दस्तगीरला कळलं ना! त्यानं आणखी घासली. जास्त घासली गेली. फेकली, दुसरी केली. पाडवा गेला, आखाड गेला, सहा घोड्या कचऱ्यात गेल्या. त्याची बायको मलिका म्हणाली, लाकूड संपलं असेल तर माझं लाटणं घ्या आता.

आणि अंबूताई? ती तशीच गात होती. सुराला आधार नाही, त्यामुळे दम लवकर सुटायचा. ओळ अर्ध्यावर थांबायची, बाई देवाकडे बघत बसायची. दस्तगीरला हे ठाऊक नव्हतं का? होतं की! रोज कानावर येत होतं, आणि रोज तो जास्तच घासत होता. मला सांगा मंडळी, ही भक्ती की भीती?

दसऱ्याच्या दुपारी अंबूताई दुकानाशी आली. तेवढ्या वाटेत तीनदा बसली होती. सातवी घोडी तंबोऱ्यावर चढलेली, दस्तगीरच्या हातात कानस. तिनं तार छेडली, ऐकली. हा घाईनं म्हणाला, ताई, अजून एक कण बाकी आहे.

तिनं विचारलं, "दस्तगीर, जवारी अगदी मनासारखी जमली, तर किती दिवस टिकते रे?"

"रोज गायलात तर चार महिने. तारा घोडीला कापतात, ताई. मग परत घासावी लागते."

"म्हणजे पुरी झाली, की दुसऱ्या दिवसापासून बिघडणारच?"

दस्तगीरनं कानस खाली ठेवली. वीस वर्षं हेच काम केलेलं, पण हे त्यानं कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

"मग दे आत्ताच," म्हातारी म्हणाली. "चार महिन्यांनी आणते. तेव्हा याहून चांगली कर. त्याच्या पुढच्या खेपेला त्याहून चांगली. तुझ्याकडे खेपा आहेत बाबा, माझ्याकडे दम नाही."

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तंबोरा तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो देवळाबाहेर, चपलांपाशी उभा राहिला. कान तिसऱ्या तारेवर. विझली. आधीच विझली! मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. मग त्याच्या ध्यानात आलं – तार जिथं विझत होती, तिथं अंबूताईचा आवाज उभा होता. ओळ पुरी झाली होती.

पुढं दोन वर्षं ती गायली. दर चार महिन्यांनी तंबोरा यायचा, दस्तगीर घोडी घासायचा, आणि दर खेपेला तिसरी तार थोडी जास्त जगायची. अंबूताई गेली, तेव्हा त्यानं ती सातवी घोडी काढून पाहिली. तारांच्या खोल रेघा पडल्या होत्या. ती मात्र त्यानं फेकली नाही, घासून परत तंबोऱ्यावर चढवली.

आणि मंडळी, माझ्यामागं मघापासून वाजतोय ना, तोच हा तंबोरा. तिसरी तार अजून किंचित आधी विझते. दस्तगीर अजून कानस घेऊन येतो.

आता मला एक सांगा. खांबाशी बसलेल्या काकू, तुमचे ओठ हलताहेत, आवाज का नाही? आणि दादा, तुम्ही? बेसूर होईल म्हणून? चांगलं जमल्यावर गाऊ म्हणून? कधी जमणार, न गाता?

हां, तंबोरा छेडा हो जरा. लक्ष द्या, ती तिसरी आता विझेल. तिथं मला तुमचा आवाज पाहिजे. कसाही असू दे. म्हणा – विठ्ठल, विठ्ठल...