फक्कीची रेघ

दानीएल : सहादेवराव, ही रेघ इथं वाकलीय.

सहादेव : कुठं? मला तर सरळ दिसती.

दानीएल : त्या खुंटीपाशी उभं राहून बघा. ओढ्यापासून काठीसारखी सरळ आलीय, आणि या उजाड जागी आल्यावर पोटात कळ उठल्यासारखी वाकलीय. दोरीचं टोक तुमच्याच हातात होतं.

सहादेव : माझाच पाय चुकला आसंल. ऊन लई हाय, ओव्हरशेर साहेब.

दानीएल : ऊन मलाही आहे. सकाळी वाकली म्हणून पुसायला लावली, पुन्हा चुन्याची फक्की टाकली, तर पुन्हा तिथंच. अहो, तुम्ही गावचे पंच. स्वराज्य आल्यापासून नगरला हेलपाटे घालून लोकल बोर्डाकडून दवाखाना मंजूर करून आणलात, नाहीतर तो कर्जतकडं गेला होता. आणि त्याच दवाखान्याचा रस्ता आता तुम्हीच वाकडा करताय.

सहादेव : येवढ्या वाकानं काय बिघडतंय? बैलं काय रेघंवर चालत्यात व्हय?

दानीएल : बिघडतं. डावीकडं खडक आहे. उजवीकडं वाकवला तर रस्ता चिबडात उतरतो. पावसाळ्यात तिथं गाडी कण्यापर्यंत रुतते, असं तुम्हीच मला सांगितलंत.

सहादेव : व्हय. म्याच सांगितलं.

दानीएल : मग कोणाचं काही आहे का इथं? देऊळ, थडगं, बुजवलेली विहीर? पहिल्या दिवशीच विचारलं होतं मी.

सहादेव : आन म्या न्हाई म्हनलो ना. काय न्हाई हितं. माळ हाय नुसता.

झुंबर : काय न्हाई?

सहादेव : तू कवा आलीस?

झुंबर : भाकरी घिऊन आले. मगाधरनं बांधावर उभी हाय. पुन्यांदा म्हना, काय न्हाई हितं.

सहादेव : झुंबर, भाकरी ठिव आन घरी जा. साहेबासंगं काम चाललंय.

झुंबर : साहेब, मी ह्यांची बायकू. तुमाला रेघ वाकल्याली दिसली, मला दुसरंच दिसलं. दोरी धरून चालताना ह्यांनी हितं पायतान काढून हातात घेतलं, वळसा घातला, आन फुडं जाऊन परत घातलं. मारुतीच्या देवळापुढनं जाताना सुदिक येवढं करीत न्हाईत.

दानीएल : सहादेवराव?

सहादेव : काटा मोडला हुता.

झुंबर : दोन्ही पायात? आन दोन्ही येळंला?

दानीएल : बाई, काय आहे इथं?

झुंबर : त्यांनाच इचारा. मला कुनी सांगितल्यालं न्हाई. मला इतकंच ठावं, का ह्याच माळावर आमची गाडी रुतली हुती. मी अडल्याली. काष्टीला रेल धरायची आन नगरला मिशनच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं हुतं. म्हागं ओढ्याला पानी, फुडं चिबाड. गाडीतच पोरगी झाली. रातभर रडत हुती. उजाडल्यावर गप झाली.

सहादेव : साहेबाला काय करायचंय ह्ये सगळं.

झुंबर : ते इचारत्यात हितं काय हाय, आन तुमी म्हनता काय न्हाई.

सहादेव : मग काय सांगू? बारसं न झाल्याल्या पोरीसाठी बोर्डाचा रस्ता वाकवा म्हनू? गाव हसंल. म्हनत्याल, दवाखाना दवाखाना करीत हाच नाचत हुता, आन आता हाच आडवा पडला.

झुंबर : गाव हसू द्या. मला का न्हाई सांगितलं?

सहादेव : माझी आई म्हनली हुती. लेकराला पुरल्याली जागा त्याच्या आईनं बघितली का तिची कूस पुन्यांदा भरत न्हाई. आपल्यात न्हाई सांगत.

झुंबर : न्हाई बघितली. भरली का?

दानीएल : मी जरा तिकडं लिंबाखाली बसतो.

झुंबर : हितंच ऱ्हावा, साहेब. तुमी हाय म्हनून येवढं तरी बोलत्यात, घरात भिंतीवानी असत्यात. बाजाराला जाताना हितं आलं का मला कायम त्या अंगाला करायचे. मला वाटायचं, माझ्या डोक्यावर सावली पडावी म्हनून ह्ये उन्हाच्या अंगानं चालत्यात. लई बरं वाटायचं मला.

सहादेव : तुझा पाय पडू नये म्हनून.

झुंबर : कळलं आता.

दानीएल : आमच्या ख्रिस्ती लोकांत तान्हं मूल गेलं तरी दगड लावतात. माझ्या धाकट्या भावाचा आहे नगरला. आई दर नाताळात जाऊन त्याला चुना लावते. तसं काही दिसलं असतं, तर मी नकाशातच धरलं असतं, बाई.

झुंबर : आमच्यात दगुड न्हाई.

दानीएल : एक करता येईल. रेघ आहे तशी वाकडी ठेवतो. खडक लागला म्हणून वर कळवतो. खणून बघायला कोणी येणार नाही.

सहादेव : व्हईल असं?

दानीएल : होईल. पण मग रस्ता चिबडातून जाणार. पावसाळ्यात गाड्या रुतणार. त्याला माझ्याकडं उपाय नाही.

झुंबर : कुठं रुतनार?

दानीएल : ते लव्हाळं दिसतंय ना हिरवं, तिथं.

झुंबर : तिथंच आमची रुतली हुती.

सहादेव : मी भराव टाकीन. माझ्या गाडीनं मुरूम आनून टाकीन, साहेब. बोर्डाला काय तोशीस न्हाई.

दानीएल : चिबाड मुरूम गिळतं, सहादेवराव. दर साली टाकाल, दर साली गिळेल.

झुंबर : साहेब, दवाखान्यात बाळतपनाचं काय हाय का?

दानीएल : एक खोली आहे. नर्सबाई येणार आहे राहायला.

झुंबर : मंजी अडल्याल्या बाया ह्याच वाटंनं येनार.

दानीएल : याच.

सहादेव : झुंबर, तू काय बोलू नगंस आता. साहेब करतो म्हनत्यात ना.

झुंबर : जागा दावा.

सहादेव : अगं, पर...

झुंबर : एकदा दावा. आता कुशीचं भ्या न्हाई मला.

(सहादेव पायताण काढतो, फक्कीच्या वाकातून आत जातो आणि उभा राहतो.)

सहादेव : हितं. पुंजाराम आन मी हुतो. भाऊ हुता म्हनून झालं, मला येकट्याला जमलं नसतं. खोरं न्हवतं, इळ्यानं उकरलं. तुझ्या लुगड्याचा पदर फाडून गुंडाळली.

झुंबर : मी म्हनायची, पदर कशात गुतून फाटला. डोकं कुनीकडं हाय?

सहादेव : गावाकडं. म्हनलं, घराकडं असू द्यावं.

झुंबर : गार पडली हुती का?

सहादेव : न्हाई. लई येळ माझ्या हातातच हुती. गार न्हाई लागली मला.

झुंबर : मला वाटायचं, तुमी इसरला. आयाबाया म्हनायच्या, बापाला काय, पोरगीच हुती. म्या बी तसंच धरून चालले.

सहादेव : इसरायला काय झालंय मला.

झुंबर : साहेब, रेघ सरळ मारा.

सहादेव : झुंबर, तिच्यावरनं गाड्या जात्याल.

झुंबर : जात्याल. पर रुतायच्या न्हाईत. आनखी कुनाची गाडी त्या चिबडात रुतली, आन आनखी कुनाचं लेकरू रातभर रडलं, तर मला घरात बसून ऐकू ईल. त्ये न्हाई सोसायचं मला.

दानीएल : नीट विचार करा, बाई. एकदा खडी पडली की मग काही करता येत नाही.

झुंबर : इचार करून केस पिकलं, साहेब. मारा.

दानीएल : बरं. वाकडी पुसायला लावतो. नाव काय होतं मुलीचं?

सहादेव : बारसं कुठं झालं, साहेब. नाव न्हाई.

झुंबर : हाय.

सहादेव : काय हाय?

झुंबर : नाव हाय. म्या तवाच ठिवलं, गाडीत. तुमी जागा सांगितली न्हाई, म्या नाव सांगितलं न्हाई.

सहादेव : इतक्या सालात येकदा बी न्हाई?

झुंबर : तुमी तरी कुठं.

दानीएल : माणसं आली फक्कीचं घमेलं घेऊन. थोडं थांबवू का त्यांना?

झुंबर : नगं. त्यांचं त्यांना करू द्या. तुमी दोघं भाकरी खाऊन घ्या, वाळून चालली.

सहादेव : काय नाव ठिवलंस?

झुंबर : घरी गेल्यावर सांगते. पायतान घाला आता. रस्ता हाय हितं.