सामायिक वारशाचा फलक

छपाईच्या दुकानात माझ्या पुढे उभे असलेले चर्चचे कार्यवाह छपाईवाल्याला मजकूर सांगत होते.

"वर लिहा, 'ज्यू-ख्रिस्ती सामायिक वारसा'. खाली, कार्यक्रम शनिवारी सकाळी दहा."

"शनिवारी? मग घड्याळवाले काका कसे येणार? इथे ज्यू म्हणून ते एकटेच, आणि शनिवार त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस; त्या दिवशी ते साध्या बसमध्येही चढत नाहीत."

"तीस वर्षं शेजारी आहेत माझे. मला काय सांगता!"

"मग रविवारी ठेवा की."

"काहीतरीच! रविवारी आमची प्रार्थना असते."

"काकांना विचारलंत तरी?"

"त्यात विचारायचं काय? त्यांच्या वतीने मीच बोलणार आहे."

"मग 'सामायिक' जरा बारीक अक्षरात घेऊ?"

"छे छे, तोच सगळ्यात मोठा घ्या. लोकांना शंका यायला नको."