किल्लीवालीचा पत्ता

किल्लीवाली : परत तेच?

मास्तर : परत तेच. ‘नोंद जुळत नाही.’ तिसऱ्यांदा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. आमच्या टपाल खात्यात तिसऱ्या खेपेला माणूस निदान चिडून तरी उत्तर द्यायचा.

किल्लीवाली : बटणं नीट दाबलीत ना, मास्तर?

मास्तर : बाई, मी तारा पाठवण्यात उमेदीची वर्षं घालवली. माझ्या बोटाच्या चुकीने कुणाकडे रडारड झाली नाही आणि कुणाकडे पेढेही वाटले गेले नाहीत.

किल्लीवाली : मग घोडं अडलंय कुठे? वाजले किती?

मास्तर : सव्वातीन. मुदत पाचची. घाबरू नका, पहिल्यापासून बघू. ‘किल्लीवाली’ हे डोमेन तुमच्या नावावर आहे. म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा स्वतःचा पत्ता. तुमच्या प्रोफाइलवाल्या कंपनीने तुमच्या फोनवर बारा आकडे पाठवले. ते तुम्ही या कागदावर उतरवलेत, मी कागदावरून या पत्त्याच्या नोंदीत टाकले. कंपनी येऊन बघणार. आपलेच आकडे दिसले, की मान्य करणार की पत्ता आणि प्रोफाइल एकाच बाईचं.

किल्लीवाली : सहा वर्षं मी कॅमेऱ्यासमोर गंजलेली कुलपं उघडते. चाळीस हजार माणसं बघतात. आणि आज मीच मी आहे, हे बारा आकड्यांनी सांगायचं!

मास्तर : काय करणार? त्याच नावाची दुसरी किल्लीवाली आहे ना तिथे.

किल्लीवाली : तिला मिशा आहेत.

मास्तर : फोटोत दिसत नाहीत.

किल्लीवाली : कशा दिसतील? फोटो माझा लावलाय. फोन केला की आवाज माझ्या दिराचा. गेल्या महिन्यात एक आजोबा माझ्यावर रागावले. म्हणे, परवा फोनवर तुम्हाला एवढा खोकला झाला होता, आज बरा कसा?

मास्तर : तुम्ही त्यांची तक्रार केलीत, त्यांनी तुमची केली. कंपनीने सरळ सांगितलं, पाचच्या आत जो या नावाचं स्वतःचं डोमेन जोडेल तो खरा. कुणीच नाही जोडलं तर दोन्ही बंद. मला विचाराल तर निकाल वाईट नाही. आमचे साहेब असते तर चौकशी समिती नेमली असती.

किल्लीवाली : सहा वर्षांचं काम आहे हो त्यात. पुसलं गेलं तर मी कुणाला काय दाखवू? दारावर कोण आहे?

(दीर आत येतो. काखेत जाडजूड, तेलकट वही.)

दीर : नमस्कार, मास्तर. वहिनी, तुमच्या घराला कुलूप दिसलं, म्हटलं इथेच असाल.

किल्लीवाली : या, भाऊजी. बसा. खोकला कसा आहे?

दीर : हे बघा, मी भांडायला आलेलो नाही.

किल्लीवाली : भांडण तुम्ही लेखी पाठवलंय की. ‘सदर महिला आमच्या नावाचा गैरवापर करीत आहे.’

दीर : रागाच्या भरात लिहिलं गेलं.

किल्लीवाली : रागाच्या भरात माणूस ‘सदर’ लिहीत नाही, भाऊजी.

दीर : बरं, चुकलं. आता माझं ऐका. दोन्ही प्रोफाइलं एक करू. फोटो तुमचा, काम तुमचं, फक्त नाव दुकानाचं. घराण्याचं. तुम्ही परत या. खुर्ची पुढे मांडतो, गिऱ्हाइकांच्या समोर. वर पंखा बसवतो.

किल्लीवाली : अठरा वर्षं मागच्या खोलीत कानस घासत बसले होते मी. खिडकीसुद्धा नव्हती. हे वारल्यावर तुम्ही म्हणालात, बायकांनी पुढे बसलं की गिऱ्हाईक बिचकतं. आणि आज पंखा?

दीर : काळ बदलला.

किल्लीवाली : काळ नाही बदलला. काहीतरी बिघडलंय. वही कशाला आणलीत?

दीर : आता विषय काढलातच म्हणून विचारतो. या वहीत काय करून ठेवलंत?

किल्लीवाली : मी?

दीर : जुन्या गिऱ्हाइकाची किल्ली हरवली, की वहीत त्याचा नंबर बघायचा आणि त्या नंबराच्या खाचा पाडून नवी किल्ली द्यायची. बरोबर? तुम्ही गेल्यापासून आठ महिन्यांत वहीवरून केलेली एक किल्ली लागली असेल तर शपथ! गाणं शिकवणाऱ्या त्या बाई सकाळपासून स्वतःच्या दाराबाहेर पायरीवर बसल्यात. दोन किल्ल्या करून दिल्या. एक आत जाईना, दुसरी बाहेर येईना. जाता जाता वहीतले नंबर बदललेत का?

मास्तर : जपून बोला. माझ्या खोलीत बसून माझ्या शेजारणीवर आळ घेताय.

किल्लीवाली : राहू द्या, मास्तर. भाऊजी, वहीतला नंबर तुम्ही वाचता कसा?

दीर : कसा म्हणजे? वाचतात तसा.

किल्लीवाली : डावीकडून?

दीर : मग काय उजवीकडून?

किल्लीवाली : हो.

दीर : काय हो?

किल्लीवाली : उजवीकडून. त्या वहीतला एकही नंबर सरळ लिहिलेला नाही. पहिल्या पानापासून. उद्या वही चोराच्या हाती लागली, तर त्याने गावभर हेलपाटे घालावेत आणि एकही दार उघडू नये, म्हणून. मामंजींची शिस्त. हातात कानस देण्याआधी त्यांनी मला हेच शिकवलं.

दीर : मला कधी बोलले नाहीत.

किल्लीवाली : तुम्ही कधी कानस मागितलीत?

दीर : मी गल्ला सांभाळायचो.

किल्लीवाली : गल्ल्यावर बसून तुम्ही हाक मारायचात, ‘एक किल्ली!’ आणि मागून किल्ली यायची. कशी यायची, ते बघायला मान वळवावी लागते.

मास्तर : बाई.

किल्लीवाली : काय, मास्तर?

मास्तर : तुमच्या घरच्या गोष्टीत तोंड घालतो, माफ करा. पण हा कागद. हे बारा आकडे तुम्ही फोनवर बघून लिहिलेत ना?

किल्लीवाली : तुमच्यासमोर लिहिले की.

मास्तर : लिहिलेत खरे. पण कुठल्या बाजूने?

किल्लीवाली : अगं बाई!

मास्तर : म्हणजे मी तीन वेळा अत्यंत प्रामाणिकपणे उलटं टाकलं.

किल्लीवाली : हातच तसा जातो हो. नंबर दिसला की शेवटून सुरू. मला कळलंसुद्धा नाही. मास्तर, कागद फाडून टाका. मी फोनवरून वाचते, तुम्ही टाका.

दीर : मास्तर, एक मिनिट. वहिनी, घाई करू नका.

किल्लीवाली : सात. शून्य. दोन.

दीर : मी आत्ता तक्रार मागे घेतो. आपण कंपनीला कळवू, घरातलंच आहे, मिटलं.

किल्लीवाली : दोन. नऊ. चार.

मास्तर : दोन, नऊ, चार. पुढे.

दीर : अहो, त्या पत्त्यात ना घराण्याचं नाव, ना आडनाव! लोक काय म्हणतील? सून वेगळी पाटी लावून बसली?

किल्लीवाली : काय म्हणायचं ते लोकांनीच ठरवलंय. ‘किल्लीवाली’ हे नाव मी शोधून काढलेलं नाही, भाऊजी. मागच्या दाराने यायचे ना कुलपं घेऊन, त्यांनी ठेवलंय. एक. एक. आठ.

दीर : मी ते डोमेन घ्यायला गेलो होतो. माहितीये? आधीच गेलेलं होतं.

किल्लीवाली : माहितीये. मीच घेतलं होतं, तुमच्या आधी चार दिवस. पाच. शून्य. सहा. झाले बारा?

मास्तर : झाले. दाबू?

दीर : वहिनी, दाराशी आलेल्या माणसाची विनंती समजा.

किल्लीवाली : दाबा, मास्तर.

मास्तर : दाबलं. शोधतंय. आता बघा, हे असं गोल गोल फिरत राहतं. आमच्याकडे निदान शिपाई फिरायचा… जुळलं!

किल्लीवाली : खरंच?

मास्तर : ‘नोंद जुळली.’ हे बघा, प्रोफाइलवर नावाच्या जागी तुमचा पत्ता आला. सगळे व्हिडिओ जागच्या जागी. आता या नावाने जगात दुसरं कुणी बसू शकत नाही, तुम्ही उठून जागा दिल्याशिवाय.

किल्लीवाली : मी उठत नाही.

दीर : आणि माझं?

मास्तर : पाचला बंद.

दीर : नऊशे माणसं होती तिथे.

किल्लीवाली : माझ्या फोटोकडे बघत होती. तुम्ही दुकानाच्या नावाने नवं काढा. फोटो स्वतःचा लावा, खोकल्यासकट. मी आडवी येणार नाही.

दीर : मग वही? आता तुम्हाला हवी असेल.

किल्लीवाली : वही दुकानाची आहे, न्या. कशी वाचायची ते कळलं ना आता? झालं तर.

दीर : मला वाटलं होतं, त्या बदल्यात काहीतरी मागाल. मी तयारीने आलो होतो.

किल्लीवाली : त्या बाई पायरीवर बसल्यात. त्यांना घरात घेऊन मग बदल्याचं बघायचं का आपण? मास्तर, माझी हत्यारांची पिशवी द्या तेवढी. अडकलेली किल्ली ओढून काढायला गेलात ना, भाऊजी?

दीर : पक्कडीने.

किल्लीवाली : म्हणजे आता तुटलीही असेल. चला, वाट दाखवा.

दीर : मी परत? वहिनी, सकाळपासून दोनदा तोंडघशी पडलोय त्यांच्यापुढे. तुम्ही काय, किल्लीवाली म्हणून जाल. मी कोण म्हणून उभा राहू?

किल्लीवाली : दीर म्हणून. ते काही मी काढून घेतलेलं नाही.