वर जाणारं दार

अहमदपूरपासून आत जावं लागतं आमच्या गावाला, तिथली मी. बाप मोंढ्यात हमाली करायचा, माय दुसऱ्याच्या रानात जायची, आमच्या घराला दार न्हवतं, ताटी व्हती, कुत्रं आलं की ताटी पाडायचं आन् आम्ही हसायचो. शाळा सातवीपर्यंत झाली. बाप मनायचा बाबासाहेबांनी शिका मनून सांगितलंय, शिक, पण मग बापाचं कंबरडं गेलं आन् मी मायसोबत खुरपायला जाऊ लागले. लग्न झालं ते लातूरला. नवरा शटरचं काम करतो मनून सांगितलं व्हतं, मला वाटलं दुकानं उघडायची नोकरी असंल, सकाळी उघडायचं, संध्याकाळी लावायचं. काय सांगू ताई, इतकी अडाणी व्हते मी.

नवऱ्याचं नाव मी घेत न्हाई, प्रज्ञाचे पप्पाच मनते, प्रज्ञा आमची एकुलती एक लेक, नांदेडला नर्सिंगला हाय. तर प्रज्ञाचे पप्पा एका उस्तादाच्या हाताखाली शिकले. उस्ताद हैदराबादचे, लई कडक, पण ह्यांच्यावर जीव. ते वारल्यावर हे आपलेच काम करू लागले. लातुरात कोणत्या बी गल्लीत जा, बंद शटरवर खाली कोपऱ्यात नंबर छापलेले दिसतेत बघा, शटर दुरुस्ती मनून, त्यातले लई नंबर आमचे. पत्र्यातून अक्षरं कापायची आन् वरून रंगाचा फवारा मारायचा. तो नंबर अजून तोच हाय. फोन आता माझ्याकडं अस्तो.

बंगल्याचं दार यगळं अस्तं, ते सांगते, न्हाईतर तुम्हाला पुढचं कळायचं न्हाई. दुकानाचं शटर वर गुंडाळतं. बंगल्यात गाडी लावायच्या खोलीला जे दार अस्तं ते गुंडाळत न्हाई, त्याच्या आडव्या मोठ्या फळ्या अस्तेत, दोन्ही बाजूच्या पट्ट्यांतून चाकावर चढत चढत ते छताखाली जाऊन आडवं निजतं. डोक्यावर एक दांडा, दांड्यावर जाडजूड स्प्रिंग, दोन्ही टोकाला चरखी, चरखीवर लोखंडी तार, आन् तारेचं टोक दाराच्या पार खालच्या कोपऱ्याला. लोकांला वाटतं मोटर दार उचलते. मोटर काय उचलतीय, सगळं वजन स्प्रिंग आन् तार धरून अस्तेत. स्प्रिंग तुटली तर दार जागचं हलत न्हाई, आन् दार वर असताना तार तुटली तर ते खाली कोण हाय बघत न्हाई.

तर लातुरातल्याच एका शेठचा बंगला. कोणता भाग ते लिहू नका. तारा बदलायला प्रज्ञाच्या पप्पांला बोलवलं व्हतं. ह्यांची सवय अशी की अगुदर मोटरचा प्लग काढायचा आन् घरच्यांला सांगायचं कुणी हात लावू नका. तसंच केलं. एकीकडची तार झाली, दुसरीकडची चरखीवर घेऊलाले व्हते, उजवा हात तार आन् चरखीच्या मधी. शेठ बाहेर आले, मनले अजून किती येळ. हे मनले एवढी चरखी झाली की झालं. शेठ मनले मला जायचंय, गाडी आत अडकलीय, एकदा दार वर घेतो, गाडी काढतो, मंग बस तू निवांत. हे मनले शेठ थांबा, हात हाय. शेठनं प्लग लावला. हे परत मनले हात हाय, हात हाय. शेठ मनले वरडतोस कामून, आन् बटन दाबलं.

अंगठा राहिला. बाकीची बोटं गेली, तळहाताचा कडेचा भाग गेला.

आन् दार वर गेलं बघा. पुरं वर. एका तारेवर वाकडंतिकडं, पण गेलं. शेठनं गाडी काढली. प्रज्ञाचे पप्पा स्टुलावरून खाली पडलेले, गळ्यातलं उपरणं हाताला गुंडाळलेलं, आन् शेठनं गाडी त्यांच्या बाजूनं सावकाश बाहेर घेतली, चाकाखाली ह्यांचा पाय येऊ नये मनून काच खाली करून बघत बघत घेतली. मंग उतरून मनले रिक्षा बोलवा कुणीतरी, ह्या गाडीत नगं, सीट नवे हायत. हे मला ह्यांनीच सांगितलं, लई वर्षांनी, आन् सांगताना बोटांचं न्हाई सांगितलं तेवढं त्या सीटचं सांगितलं.

मी दवाखान्यात पोचले तवा हे बाकड्यावर बसलेले, मला बघून मनले प्रज्ञाला आणू नको. पोलीस आले, जबाब घेतला, मंग बंगल्यावर जाऊन शेठचा जबाब घेतला. शेठनं सांगितलं, माणूस पिऊन आला व्हता. वास येत व्हता, मी नको मनत व्हतो, तरी चढला, आपणच प्लग लावला आन् आपणच हात घातला.

ताई, ह्या माणसानं तोवर थेंबाला हात लावला न्हवता. सासरा दारूत गेलेला, मनून ह्यांला त्या वासानंच मळमळायचं. पण शेठचं बोलणं कुठवर जातं आन् आमचं कुठवर जातं. शेठ काही दुष्टपणानं बी सांगत फिरले न्हाईत, कुणी इचारलं की सांगायचे, सहज, च्या पिता पिता. बाजारात झालं मंग, चांगला कारागीर व्हता पण पितो. दवाखान्यातून आल्यावर डाव्या हातानं जमंल तेवढं करतो मनून हे दुकानांदुकानी गेले, तर ज्या लोकांचे शटर ह्यांनी बसवले तेच तोंडाजवळ तोंड आणून वास घ्यायचे. एकानं तर सरळ मनलं, फुंक मार. ह्यांनी मारली फुंक. वास न्हाई आला तर तो हसून मनला आज सोडलीस व्हय.

त्या दिवशी संध्याकाळी पिऊन आले. पहिल्यांदा. दारात उभं राहून मनले, घे, आता खरं झालं.

तिथून पुढं खरंच झालं सगळं.

घर चालायला कुणीतरी काम करणं भाग व्हतं. मी मनले मला शिकवा. आधी हसले, मंग शिव्या दिल्या, मंग शिकवलं. कसं शिकवलं इचारू नका, पण सांगतेच. घरामागं भंगारातलं एक बंगल्याचं दार उभं केलं. मी शिडीवर, हे खाली उभं राहून सांगणार. चुकलं की हातात असंल ते फेकून मारायचे, पान्हा, पक्कड, एकदा तर लोखंडी सळई. एक दिवस मनले स्प्रिंग भर. स्प्रिंगच्या टोकाला भोकं अस्तेत, त्यांत दोन सळया आळीपाळीनं, एक काढायची एक घालायची, असं पिळत न्यायचं, आन् एक सळई कायम धरलेली पाह्यजे. माझ्याकडून भरली, मला बरं वाटलं. हे शिडीवर माझ्या बाजूला आले, मनले हात तिथंच ठेव, आन् धरलेली सळई ह्यांनी डाव्या हातानं सटकन काढून घेतली. दुसरी सळई गरकन फिरली आन् माझ्या मनगटावर बसली. हाड मोडलं. मी खाली बसले, तर वरून मनले आता इसरणार न्हाईस तू.

न्हाई इसरले. अजून पाऊस आला की मनगट ठणकतं.

का सोडलं न्हाईस मनताल. सगळ्याच इचारतेत. माय बी मनली चल आपल्या गावाला. मी मनले गावाला जाऊन परत खुरपं घेऊ का. मला काम येऊ लागलं व्हतं ताई. नवरा कसा का असंना, काम त्याच्याकडं व्हतं, आन् ते मला त्याच्याकडून काढून घ्यायचं व्हतं. काढून घेतलं बी. लातूर, रेणापूर, अहमदपूर, कधी नांदेडला बी जाते, प्रज्ञाकडं राहून येते. पहिल्यांदा लोक मनायचे बाई, माणूस पाठव. आता फोन येतो की ताई कवा येताव. आन् जसजसं माझं काम वाढलं तसतसं ह्यांचं पिणं वाढलं. मी घरी आले की माझे हात बघायचे. हाताला ग्रीस असलं तर जेवायचे न्हाईत.

मागच्या उन्हाळ्यात फोन आला. मी कणीक मळत व्हते मनून फोनचा स्पीकर लावून तो बाजूला ठेवला. बंगल्याचं दार हाय, स्प्रिंग तुटलीय, शटरवरचा नंबर बघून फोन केला, कवा येताव. आन् पत्ता सांगितला. मी मळायची थांबले. प्रज्ञाचे पप्पा बाजेवर पडलेले, ते उठून बसले. मला वाटलं फोन फेकतील. तर शांत आवाजात मला मनले, हाव मन. जाते मन.

दुसऱ्या दिवशी प्यालेच न्हाईत. आंघोळ केली. माझी पिशवी आपल्या एका हातानं भरली, तार तोडायची कात्री तेल घालून पुसली आन् वर ठेवली. मंग मला समोर बसवून सांगितलं. नवी स्प्रिंग टाक, चांगली टाक, दार हलकं चाललं पाह्यजे. तारा नव्या टाकू नको, जुन्याच ठेव, आन् चरखीच्या आतल्या बाजूनं, दिसत न्हाई तिथं, अर्धी अर्धी तोडून ये. मंग चालंल काही दिवस. मंग एक दिवस न्हाई चालणार. एवढं करून ये, मी तुला परत काही मागणार न्हाई. लग्न झाल्यापासून हे माझ्याशी इतकं गोड बोलले न्हवते.

गेले मी. शेठ म्हातारे झालेत, पण धडधाकट हायत. मला ओळखायचं कारणच न्हवतं. ताई बसा मनले, पाणी दिलं, प्लॅस्टिकच्या गिलासात. मी प्लग काढला, रिमोट मागितला. कामून मनले. मी मनले काम होईपर्यंत माझ्याकडं राहू द्या. बरोबर हाय मनले, जपून करा ताई, मागं एक दारुडा आला व्हता ह्याच दाराला, पिऊन चढला, हात घालून बसला, माझ्या मागं पोलीस लागायची पाळी आली. इतक्या साध्या तोंडानं सांगितलं त्यांनी. मी शिडीवरून त्यांच्याकडं बघत राहिले, कुठं तरी पापणी हलंल, तोंड फिरवतील. काहीच न्हाई. त्यांला ते खरंच वाटतं आता. सांगून सांगून खरं झालंय त्यांच्यापुरतं.

मी सांगणार व्हते तो माझा नवरा मनून. पण सांगितलं असतं आन् ते परत एकदा पिऊन आला व्हता मनले असते, तर माझ्या हातात कात्री व्हती.

शेठ आत गेले. स्प्रिंग बसवली, दार हातानं वर घेऊन ठेवलं. कात्री घेतली, तारेला लावली. लावली ताई, खोटं कामून सांगू. दोन बोटं आवळायचं काम व्हतं. तेवढ्यात त्यांच्याकडची धुणंभांडीवाली आली, आमच्याच वस्तीतली न्हाई पण तसलीच कुठली तरी, आन् दाराच्या उंबऱ्यावर, नेमकं दार टेकतं त्या रेघेवर, फतकल मारून भांडी घासायला बसली. मला मनली ताई तुमचं चालू द्या, मी रोज इथंच बस्ते, सावली अस्ते. मी तिला उठवलं, दार खाली घेतलं आन् दोन्ही तारा नव्या टाकल्या. चांगल्यातल्या टाकल्या. दार वर घेऊन, खाली घेऊन बघितलं, आन् पिशवी उचलली.

घरी आले तर हे दारात उभे. केलंस का मनले. मी मनले हाव.

ह्यांचा चेहरा कसा सांगू तुम्हाला. हसले. दोन भाकरी खाल्ल्या. माझ्या हाताचं ग्रीस बघून बी जेवले. आन् त्या दिवसापासून हा माणूस वाट बघून राहिलाय. सकाळी उठून दाढी करतेत, मोबाईलवर गावातल्या बातम्या लावून ऐकतेत, मंग शर्ट घालून त्या बंगल्याच्या समोरच्या टपरीवर जाऊन बस्तेत. दुपारी येतेत, मनतेत आज बी चाललं दार. मी मनते चालंल काही दिवस. दारू पुरी सुटली न्हाई, पण लई कमी झालीय. मीच इचारलं कशी काय, तर मनले त्या दिवशी मी शुद्धीवर पाह्यजे. माझ्यावर आता काही फेकत न्हाईत. प्रज्ञा सुट्टीला आली तर मनली मम्मी, पप्पा सुधारले. मी मनले हाव बाई, सुधारले.

खरं सांगावं असं वाटतं कधी. मंग मनगट ठणकतं आन् वाटतं, बसू दे वाट बघत. कधी वाटतं मी दया करूलाले, कधी वाटतं असा सूड कुणी घेतला नसंल. दोन्हीतलं कोणतं ते मला उमगलं न्हाई, आन् उमगून काय करू. तुम्ही नावं बदलून लिहा. हे काही वाचत न्हाईत, पण लिहा बदलून.

आता रोज सकाळी बुद्धासमोर हात जोडते तवा प्रज्ञाचं मागते, आन् मंग त्या शेठचं मागते. लई जगू दे त्यांला. दारानं मरणार न्हाईत ते मला माहीत हाय, पण साध्या तापानं जरी गेले, तर ह्यांला उठून दाढी करायला काय राहील.

(शब्दांकन)