गाडी कुणाच्या नावावर

सिद्धोधन : तेच तर सांगायलोय, वहिनी. गाडी तीच, शोरूम तेच. तुमच्या नावावर घेतली तर विमा स्वस्त, राजशेखरच्या नावावर घेतली तर महाग.

रुद्राणी : आणि चालवणार कोण? दोन्हीकडे हेच. मला तर सायकलच्या पुढं काही येत नाही.

सिद्धोधन : कंपनी कागदावरचा मालक बघती.

चन्नबसम्मा : मग झालं की. तिच्या नावावर कर आन् मोकळा हो. जुनी गाडी पाच वर्सं तिच्याच नावावर हाय, काय बिघडलं?

(पाथरी, सकाळचे अकरा. राजशेखर परभणीच्या शोरूममध्ये नवी मोटरसायकल घ्यायला थांबलाय. त्याचा वर्गमित्र, विम्याचा एजंट सिद्धोधन, फॉर्मवर सही घ्यायला घरी आलाय. रुद्राणी, राजशेखरची बायको, चौदा महिन्यांच्या राजनंदिनीला कडेवर घेऊन उभी. सासूबाई चन्नबसम्मा शेंगा फोडत बसल्यात.)

रुद्राणी : थांबा, आत्याबाई. भाऊजी, मला नीट सांगा. जुन्या गाडीपेक्षा हिचा आकडा इतका मोठा कसा?

सिद्धोधन : जुनी शंभर सीसीची. ही साडेतीनशेच्या घरातली. आपल्या गाडीनं दुसऱ्याला लागलं तर त्याचा जो विमा असतो, तो इंजिन मोठं तसा चढत जातो. आणि गाडीच महाग. हिचा एक आरसा फुटला तर जुनीची सर्व्हिसिंग होती तेवढ्यात. म्हणून नुकसानीचा विमा पण जास्त.

रुद्राणी : म्हणजे मोठी गाडी जास्त धडकते, हे कंपनीला माहीत असतं.

सिद्धोधन : त्यांच्याकडं सगळ्या देशाची नोंद असती, वहिनी. कोणती गाडी किती वेळा धडकली, किती खर्च आला.

रुद्राणी : आणि हे मला म्हणतात, जड गाडी रस्ता धरून चालते, तू कशाला काळजी करतेस. रोज पाथरी ते सेलू आणि सेलू ते पाथरी. आता ह्यांच्या जिनिंग मिलमध्ये कापसाचा हंगाम सुरू होईल. मागचे दिवे नसलेल्या ट्रॉल्या, वर कापूस इतका की अर्धा रस्ता झाकतो. तिथून हे अंधारात येणार, साडेतीनशे सीसीवर.

सिद्धोधन : मोठी गाडी म्हणजे पळवायचीच असं न्हाई. पाठीसाठी घ्यायलाय तो.

चन्नबसम्मा : दुखती त्याची पाठ. रोज तेल मीच चोळायलेय.

रुद्राणी : बरं, गाडीचं समजलं. माझ्या नावावर स्वस्त का?

सिद्धोधन : पाच वर्षांत तुमचा एकपण क्लेम न्हाई. नुकसानीच्या विम्यात निम्मी सूट बसती. आणि ती सूट माणसाची असती, गाडीची न्हाई. जुनी विकली की नवीला लावता येती. फक्त मालक तोच पाहिजे. राजशेखरच्या नावावर केली तर त्याची सुरुवात शून्यापासून.

रुद्राणी : म्हणजे पाच वर्षं मी गाडी सांभाळून चालवली.

सिद्धोधन : मागं बसून लय सांभाळून बसलात, असं धरा.

चन्नबसम्मा : हसू नको. तिच्या नावाचा गुण हाय तो. सही कर गं बाई. पोरगं तिकडं ताटकळलंय.

रुद्राणी : करते. वाचून करते... भाऊजी, हे काय? मालक-चालक अपघात विमा, पंधरा लाख. इथं तुम्ही खूण केली नाही.

सिद्धोधन : ते राहू द्या.

रुद्राणी : राहू द्या कसं? जुन्या पॉलिसीत होती खूण. दरवर्षी मीच कागद कपाटात ठेवते, मला पाठ आहे ते पान.

सिद्धोधन : वहिनी, लायसन हाय का तुमच्याकडं?

रुद्राणी : नाही.

सिद्धोधन : मग हा विमा तुम्हाला देता येत न्हाई. गाडीचा मालक आणि चालवणारा एकच पाहिजे, आणि त्याच्याकडं लायसन पाहिजे. जुनी पॉलिसी माझ्या आधीच्या एजंटानं काढलेली. त्यानं इचारलंच नसंल. खूण केली, पैसे घेतले.

रुद्राणी : म्हणजे हे पडले असते, तर ते पंधरा लाख?

सिद्धोधन : आले नसते.

रुद्राणी : पाच वर्षांत कधीच?

सिद्धोधन : समोरच्याचे मिळाले असते. गाडीच्या नुकसानीचे मिळाले असते.

रुद्राणी : आरशाचे मिळाले असते, ह्यांचे नाही.

सिद्धोधन : असंच म्हणा.

रुद्राणी : सात वाजले की मी खिडकीशी जाऊन उभी राहते, भाऊजी. साडेसात झाले की फोन लावत नाही, चालवताना उचलतील म्हणून. नुसती उभी राहते. मनाची एवढीच समजूत घालते की काही झालंच तर कपाटात कागद आहे... आजच्या आज त्यांच्या नावावर करा. सूट जाऊ द्या.

चन्नबसम्मा : त्याच्या नावावर करायची न्हाई.

रुद्राणी : आत्याबाई, तुम्ही ऐकलंत ना आता?

चन्नबसम्मा : ऐकलं की. बहिरी न्हाई मी.

सिद्धोधन : राजशेखरचाच फोन वाजला आत्ता, वहिनी. कट केला. मगाशी पण म्हणाला, शोरूमवाला घाई करायलाय, आणि आई नको म्हणती तर खामखा वाद नको, रुद्राणीच्याच नावावर करून टाक.

रुद्राणी : त्यांना म्हणावं, एक चहा प्या... आत्याबाई, मला माहितीये तुम्ही का नको म्हणता. लग्नात मी विचारलं होतं, गाडी माझ्या नावावर का. तेव्हा तुम्हीच सांगितलंत, थोरल्या मंगेशभाऊजींना गाडी लाभली नाही, म्हणून धाकट्याच्या नावावर घ्यायची नाही. पण लाभणं कागदावर नसतं हो. रस्त्यावर तर हेच जातात.

चन्नबसम्मा : ते लोकांना सांगायचं बोलणं होतं.

रुद्राणी : मग खरं काय?

चन्नबसम्मा : सिद्धोधनाला इचार. त्याला मालूम हाय.

सिद्धोधन : मावशी, मी कशाला मधी.

चन्नबसम्मा : मंगेशचे कागद लय पक्के होते. गाडी नावावर, लायसन खिशात, विमा भरलेला. मानवतच्या रस्त्याला गेला तो, सहा वर्सं झाली. आठ महिन्यांत कंपनीचे पंधरा लाख आले. वर बघ. हा स्लॅब त्याचा हाय. आधी पत्रे होते. तुझं लग्न त्याच पैशात झालं. तुझ्या नावावरची गाडी पण त्याच्यातलीच.

रुद्राणी : मला कुणीच सांगितलं नाही.

चन्नबसम्मा : नव्या नवरीला काय सांगायचं, तुझा शालू कशाचा हाय ते? बाया घरी यायच्या. बसायच्या, वर बघायच्या. म्हणायच्या, पोरगं गेलं पण आईची सोय करून गेलं. एक तर म्हणाली, नशीबवान हायस, दुसरीला एवढं पण मिळत न्हाई. मी तिला पाणी दिलं, चहा दिला. काय करू? तवाच ठरविलं. ह्या धाकट्या लेकराच्या जिवावर कुणी पैसा बांधायचा न्हाई. बांधलेलाच नसंल तर यायचा कशासाठी? पाच वर्सं बांधला न्हाई. आला का न्हाई रोज घरी?

सिद्धोधन : मावशी, विमा काढला म्हून कुणी जात न्हाई.

चन्नबसम्मा : तू गप. तुझा धंदा हाय तो.

रुद्राणी : आले. रोज आले. त्याच्यावर मी काही बोलत नाही, आत्याबाई. खरं सांगू का, तुम्ही बोललात तेव्हा मलापण ते पटलं. वाटलं, चाललंय ते मोडायचं कशाला. इतकी शिकले तरी वाटलं.

चन्नबसम्मा : मग?

रुद्राणी : मग आज संध्याकाळी सात वाजतील. मला आता माहितीये की कपाटातल्या कागदावर काही नाही. मी उभी कशी राहू? ही माझ्या कडेवर असते तेव्हा. माझी नोकरी नाही, जिनिंगमधून ह्यांच्यामागं काही मिळत नाही. हिला मी काय सांगू, की तुझ्या बापाच्या गाडीचा विमा स्वस्तात पडला?

चन्नबसम्मा : असं तोंडातून काढू नको.

रुद्राणी : नाही काढत. पण कागद माझ्यासाठी काढू द्या. बाया बोलतील ते मला बोलतील. तुमच्यावर येऊ देणार नाही. सांगेन की सासूबाई नको म्हणत होत्या, मीच हट्टानं काढला.

चन्नबसम्मा : तुला माहीत न्हाई ते ऐकणं.

रुद्राणी : नाही माहीत.

चन्नबसम्मा : घास गिळवत न्हाई. वर्स वर्स गिळवत न्हाई.

रुद्राणी : तुम्ही जेवताना मान वर करत नाही, हे मी आल्यापासून बघते. मला वाटायचं, माझ्यावर नाराज आहात.

चन्नबसम्मा : तुझ्यावर कामून नाराज हुईन.

सिद्धोधन : वहिनी, परत त्याचाच फोन. उचलू का? शोरूमवाला नाव मागायलाय म्हणतो.

रुद्राणी : आत्याबाई.

चन्नबसम्मा : पोरीला दे इकडं. हात दुखले असतील तुझे.

रुद्राणी : आत्याबाई, काय सांगू त्यांना?

चन्नबसम्मा : सांग की. त्याचं नाव त्याला म्हाईत हाय.

रुद्राणी : भाऊजी, सांगा त्यांना. त्यांच्या नावावर. आणि म्हणावं, सूट गेल्याचं मला विचारू नका, घरी आल्यावर बोलू.

सिद्धोधन : ऐकलं त्यानं. आई काय म्हणती इचारायलाय... हो रे, इथंच हायेत. हो म्हणाल्यात... ठेवला. फॉर्म नवा भरतो मग. पंधरा लाखाला खूण केली. आता वारसदार. वहिनी, तुमचंच नाव टाकतो.

चन्नबसम्मा : तिच्या खाली माझं पण टाक. सह्या करायला तिला एकटीला जाऊ द्यायचं न्हाई.

सिद्धोधन : रकाना एकाच नावाचा हाय, मावशी.

चन्नबसम्मा : मग बारीक लिही.